चालत्या खोलीतील गारवा

रत्नागिरीचा उन्हाळा आकड्यांनी फसविणारा आहे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपुराकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो, तेव्हा रत्नागिरीस तो बहुधा तेहतीस-चौतीस अंशांपाशीच थबकलेला असतो. हे दोन आकडे शेजारी शेजारी वाचणाऱ्या पुण्याच्या गृहस्थास, कोकणचे लोक उगाच कुरकुर करतात, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याच गृहस्थास मांडवीच्या एखाद्या घरात भर दुपारी दोन घटका बसविले, म्हणजे सदरा पाठीस चिकटतो आणि आकड्यांवरील त्याचा विश्वास डळमळू लागतो. समुद्रावरून येणारी हवा आपल्यासवे पाण्याची वाफ घेऊन येते. अशा हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्यावाचून अंग निवत नाही. देशावर माणसास उष्णता छळते. कोकणात त्याहून अधिक छळतो तो दमटपणा.

हा भेद ध्यानात ठेवल्यावाचून गारव्याचा इतिहास नीट उमगत नाही. विदर्भात वाळ्याचे पडदे दारांना लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची रीत होती. कोरडी हवा त्या ओल्या मुळ्यांमधून आत येताना पाणी शोषून घेई, पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता खर्ची पडे, आणि खोलीत सुगंधी गारवा पसरे. आजचा पाण्याचा कूलर हा त्याच वाळ्याच्या पडद्याचा विजेवर चालणारा वंशज होय. रत्नागिरीत ही युक्ती मे महिन्यात फारशी चालत नाही. जी हवा आधीच पाण्याने भरलेली, ती आणखी पाणी घेणार कोठून? म्हणून कोकणाने दुसरा मार्ग धरला. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, उतरती कौले, चारी बाजूंनी ओटी-पडवी, आणि वाऱ्याला समोरासमोर दारे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा ह्यास १८८६ साली रत्नागिरीस आणून ठेवण्यात आले. त्याच्यासाठी १९१० साली जो राजवाडा उभा राहिला, त्याची जागा उंचावरची आणि समुद्राच्या वाऱ्याच्या वाटेवरची आहे. राजवाडा असो वा खोताचे घर, गारव्याची भिस्त जागेवर, सावलीवर आणि वाऱ्यावर होती.

घर एका जागी उभे असते म्हणूनच हे साधते. खोली जर चाकांवर चढवली आणि ऊन, पाऊस, धूळ व धूर ह्यांतून ती पळवू लागले, तर जांभ्याची भिंत तिच्याबरोबर जात नाही आणि झाडाची सावलीही जात नाही. खिडकी उघडावी तर धूळ येते, मिटावी तर कोंडमारा होतो. अशा खोलीस गारवा हवा असेल, तर तो तिने आपल्याबरोबर वाहून नेला पाहिजे किंवा वाटेत स्वतः उत्पन्न केला पाहिजे. आगगाडीच्या डब्यापासून अलीकडच्या फिरत्या घरापर्यंत, ज्यास आता सर्वत्र कॅरॅव्हॅन म्हणतात, ह्या एकाच प्रश्नाची उत्तरे शोधली गेली. प्रत्येक उत्तराबरोबर त्याचा असा एक खास बिघाड आला. त्या बिघाडांची परंपरा पाहिली असता एक गोष्ट पुनःपुन्हा दिसून येते, ती ही की चालत्या खोलीतील गारवा बिघडतो तेव्हा दोष बहुधा गारव्याच्या यंत्रात नसतो; त्या यंत्रास मिळणाऱ्या शक्तीच्या वाटेत तो असतो.

गारवा वाहून नेण्याचे पहिले साधन अर्थात बर्फ. अमेरिकेतील बोस्टन शहराचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर ह्याने तेथील गोठलेल्या तळ्यांतील बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, १८३३ साली जहाजाने कलकत्त्यास पाठविले. चार महिन्यांच्या त्या प्रवासात बराच बर्फ वितळला, तरी सुमारे शंभर टन शिल्लक उरला. पुढल्याच वर्षी मुंबईसही असा बर्फ येऊन पोहोचला. ह्या घटनेचे मर्म असे की, बर्फ हा साठवून ठेवलेला गारवा आहे. एक किलो बर्फ वितळताना ऐंशी किलोकॅलरी उष्णता गिळून टाकतो. आजही घरातील यंत्र 'दीड टनाचे' आहे असे म्हणतात, तेव्हा त्या यंत्राचे वजन सांगितले जात नसते. दोन हजार पौंडांचा एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषील, तेवढी उष्णता खोलीबाहेर टाकण्याची शक्ती म्हणजे एक टन; आजच्या मापाने साडेतीन किलोवॅट. बर्फाची गाडी दारातून गेली, पण तिचे माप मात्र घरातच राहिले.

हाच साठविलेला गारवा आगगाडीच्या डब्याखाली गेला. मुंबईहून पेशावरकडे जाणारी फ्राँटियर मेल १९२८ साली सुरू झाली, आणि १९३४ साली तिला एक थंड हवेचा डबा जोडण्यात आला. डब्याच्या तळाखालील पेट्यांत बर्फाच्या लाद्या रचीत, बॅटरीवर चालणारा पंखा त्यांवरून हवा खेळवी, आणि ती गार हवा नळीवाटे डब्यात सोडली जाई. ठरावीक स्थानकांवर माणसे पेट्या उघडून बर्फ किती उरला ते पाहत आणि नवा भरीत. ह्या व्यवस्थेत बिघाड शोधण्यास मोठ्या विद्येची गरज नव्हती. डबा तापला तर दोनच गोष्टी पाहावयाच्या: बर्फ संपला आहे काय, आणि पंखा फिरतो आहे काय. परंतु ह्या दोन प्रश्नांतच पुढील सर्व शास्त्राचे बीज होते. गारव्याचा साठा एकीकडे आणि तो खोलीत आणणारी शक्ती दुसरीकडे. ह्या दोहोंची तपासणी वेगवेगळी झाली पाहिजे, हे त्या पेट्या उघडणाऱ्या माणसांस ठाऊक होते.

बर्फाची ही युक्ती रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आजही जिवंत आहे. मासेमारीस निघणाऱ्या नौका बर्फ भरून घेऊन समुद्रावर जातात, आणि बर्फ किती नेला ह्यावर त्यांनी किती दिवस बाहेर राहावयाचे ते पुष्कळ अंशी ठरते. मासळीस गारवा पुरतो, तिला हवा कोरडी लागत नाही. माणसाचे तसे नाही. त्यास दमट प्रदेशात गारव्याइतकीच कोरडी हवा हवी. योगायोग असा की, आजच्या यंत्राचा जन्म माणसाच्या सुखासाठी झालाच नाही. तो कागदाच्या सुखासाठी झाला. न्यूयॉर्कमधील ब्रुकलीन येथील एका छापखान्यात रंगीत चित्रे छापताना दमट हवेने कागद फुगे आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसत नसे. विलिस कॅरिअर ह्या तरुण इंजिनिअराने १९०२ साली त्या छापखान्यासाठी यंत्र योजले. थंड नळ्यांवरून हवा नेली असता तिच्यातील वाफ पाणी होऊन गळून पडते, हे त्यामागचे तत्त्व. थंड पाण्याचा तांब्या बाहेरून पाझरल्यासारखा ओला होतो, तेच येथेही घडते. वाळ्याचा पडदा हवेत पाणी घालतो, कॅरिअरचे यंत्र हवेतून पाणी काढते. रत्नागिरीस हवे होते ते हे दुसरे. म्हणूनच कोकणात यंत्रातून पाणी ठिबकणे हा बिघाड नसून यंत्र कामावर असल्याची खूण असते. ते पाणी बाहेर जाण्याऐवजी खोलीत ठिबकू लागले, म्हणजे मात्र निचऱ्याची नळी तुंबली असे समजावे.

ह्या यंत्रास बर्फाप्रमाणे मध्येच भरती लागत नाही, परंतु अखंड वीज लागते. धावत्या डब्यात ती आणावयाची कोठून? ह्याचे उत्तर गारव्याच्या आधी दिव्यांसाठी शोधले गेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या जे. स्टोन कंपनीने डब्याखाली डायनॅमो टांगून त्यास चाकांच्या आसावरून पट्टा दिला. गाडी धावली की आस फिरे, आस फिरला की डायनॅमो फिरे, आणि निर्माण झालेल्या विजेवर दिवे जळून उरलेली वीज बॅटरीत साठे. गाडी स्थानकात उभी राहिली म्हणजे बॅटरीवर दिवे चालत. गाडी फार वेगाने जाऊ लागली तर जास्त वीज होऊन दिवे जळून जातील, म्हणून डायनॅमो असा टांगलेला असे की ठरावीक वेगानंतर पट्टा मुद्दाम घसरावा. दिव्यांसाठी ही व्यवस्था उत्तम होती. पुढे गारव्याची यंत्रेही ह्याच पट्ट्याच्या जिवावर चालू लागली, आणि मग पट्ट्यावरचा भार अनेक पटींनी वाढला. डब्यातील दिवे चोवीस व्होल्टांवर जळत असत. गारव्याच्या डब्यांसाठी एकशे दहा व्होल्टांची व्यवस्था आली, आणि डायनॅमोच्या जागी पंचवीस किलोवॅटचे आल्टर्नेटर बसले.

येथे बिघाड शोधण्याचे शास्त्र खरोखरी जन्मास आले. प्रवासी तक्रार करी ती एकच, 'थंडी नाही.' परंतु ह्या एका तक्रारीमागे पाच-सहा निरनिराळी कारणे दडलेली असू शकत. पट्टा सैल होऊन घसरत असेल. आल्टर्नेटर फिरत असूनही वीज देत नसेल. बॅटरीचे घट थकले असतील. एखाद्या जोडावर गंज चढून वीज तेथेच अडत असेल. हवा गाळणारी जाळी धुळीने भरली असेल. आणि ही सर्व ठीक असतील तर, आणि तरच, गारव्याच्या यंत्रातील वायू कमी झाला असेल. नवखा कारागीर शेवटच्या कारणापासून आरंभ करतो, कारण तक्रार थंडीची असते. जुना मिस्त्री पहिल्यापासून आरंभ करतो. तो आसापाशी वाकून पट्ट्यास हात लावतो, मग आल्टर्नेटर, मग बॅटरी, मग वाटेतील फ्यूज आणि जोड, आणि सर्वांच्या शेवटी यंत्र. नदीचे पाणी गढूळ झाले तर घाटावर उभे राहून कारण सापडत नाही, उगमाकडे चालत जावे लागते, तसेच हे.

रत्नागिरीस मात्र ह्या सर्व गोष्टी पुष्कळ काळ ऐकीवच होत्या. मुंबईहून कोकणात यावयाचे ते आगबोटीने, आणि बंदरात उतरावयाचे ते लहान होड्यांतून. किंवा मग आंबा घाट, कुंभार्ली घाट अशा वळणावळणांच्या वाटेने मोटारीतून. १९४८ साली राज्याची एस.टी. सुरू झाली आणि तिचे जाळे पुढे कोकणात पसरले. तिच्या बसच्या खिडकीतून येणारा वारा हाच प्रवासातला गारवा होता. कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९९० साली झाली, ई. श्रीधरन ह्यांच्या नेतृत्वाखाली काम उभे राहिले, आणि १९९८ च्या जानेवारीत रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत, सुमारे ७४० किलोमीटरांचा मार्ग सलग सुरू झाला. नव्वदाहून अधिक बोगदे आणि सुमारे दोन हजार पूल असलेल्या ह्या मार्गावरील सर्वांत लांब बोगदा, साडेसहा किलोमीटरांचा, रत्नागिरीजवळ करबुडे येथे आहे. ह्या मार्गाने रत्नागिरीच्या स्थानकात थंड हवेचे डबे आले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे बिघाडही आले.

कोकणच्या मार्गाने ह्या डब्यांची परीक्षा तीन तऱ्हांनी घेतली. पहिली परीक्षा एकेरी रुळांची. समोरून येणारी गाडी जाऊ देण्यासाठी गाडीस लहानसहान स्थानकांवर थांबावे लागते. आणि आसावर चालणारा आल्टर्नेटर गाडी उभी असताना काहीच देत नाही. तेवढा वेळ सर्व भार बॅटरीवर. थंड हवेच्या डब्याखाली दोन-दोन व्होल्टांचे छप्पन घट ओळीने जोडलेले असतात आणि त्यांची शक्ती अकराशे अँपिअर-तासांची असते. गुणाकार केला तर साठा सुमारे एकशेवीस युनिटांचा होतो. यंत्रांचा भार वीस किलोवॅट धरला, तर कागदावर सहा तास. प्रत्यक्षात घट जुने झालेले असतात, ते तळापर्यंत रिकामे करणेही योग्य नसते, म्हणून त्याहून पुष्कळच कमी. दुसरी परीक्षा खाऱ्या दमट हवेची. तांब्याच्या जोडावर हिरवट थर चढतो, लोखंडी पेटीचे स्क्रू गंजतात, आणि जेथून वीज मोकळी वाहावयाची तेथे ती अडखळू लागते. तिसरी परीक्षा पावसाची. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांतच.

ह्या तिन्ही परीक्षा एकत्र आल्या म्हणजे काय होऊ शकते, ह्याची कल्पना २०२१ च्या जुलैने दिली. त्या महिन्याच्या २२ तारखेस वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळूण बुडाले, चिपळूण व कामथे ह्या स्थानकांमधील वाहतूक थांबवावी लागली, आणि कोकण रेल्वेच्या निरनिराळ्या गाड्यांत सुमारे सहा हजार प्रवासी अडकून पडले. पुन्हा २०२४ च्या जुलैत खेडजवळ दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी दरड कोसळून मार्ग जवळजवळ एक दिवस बंद राहिला. अशा वेळी साध्या डब्यातील प्रवासी खिडकी उघडून बसतो. थंड हवेच्या डब्याच्या खिडक्या पक्क्या बंद असतात. वीज आहे तोवर ती खोली सर्वांत सुखाची. वीज गेली की तीच सर्वांत कोंडट. म्हातारी माणसे, तान्ही मुले, दम्याचा रोगी ह्यांच्या दृष्टीने थंडीच्या यंत्राचा प्रश्न मग चैनीचा राहत नाही, तो श्वासाचा होतो. म्हणून बॅटरीत किती साठा उरला आहे, ह्या प्रश्नाकडे डब्याच्या मिस्त्रीने जितक्या गंभीरपणे पाहावे तितके थोडेच.

आसावरच्या आल्टर्नेटरची ही उणीव भरून काढण्याचे पहिले मोठे उत्तर कोकणाबाहेर, १९६९ साली हावडा-दिल्ली राजधानी एक्स्प्रेसबरोबर आले. डब्याडब्याखाली वीज निर्माण करण्याऐवजी गाडीच्या टोकांस डिझेलवर चालणाऱ्या जनित्रांचा वेगळा डबा जोडावयाचा आणि तेथून तारेने सर्व डब्यांस वीज पुरवावयाची. गाडी धावो वा उभी राहो, गारवा चालू. मुंबईहून रत्नागिरीमार्गे गोव्याकडील करमळीस जाणारी तेजस एक्स्प्रेस २०१७ साली सुरू झाली, तोपर्यंत ही पद्धत चांगली रुळली होती. परंतु तिचाही असा एक बिघाड होताच. डिझेलचा खर्च, धूर, कर्कश आवाज, आणि मुख्य म्हणजे एका जनित्रावर सर्व गाडीचे अवलंबन. पूर्वी एका डब्याचा पट्टा तुटला तर एकच डबा तापे. आता उगमाशी दोष झाला तर सर्व डबे एकदम तापू लागले.

पुढे कोकण रेल्वेच्या मार्गावर विजेच्या तारा आल्या आणि २०२२ च्या जूनमध्ये संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण राष्ट्रास अर्पण झाले. आता इंजिन डोक्यावरील पंचवीस हजार व्होल्टांच्या तारेतून वीज घेते, आपल्यापुरती वापरते, आणि काही वीज साडेसातशे व्होल्टांवर उतरवून मागील डब्यांच्या दिव्यांस व गारव्यास देऊ शकते. जेथे ही सोय आहे तेथे डिझेलचे जनित्र मुके राहते. मुंबई ते मडगाव ही वंदे भारत गाडी २०२३ च्या जूनपासून रत्नागिरीवरून विजेवरच धावू लागली. ह्या व्यवस्थेतील गमतीचा बिघाड असा की, दोन वीजकेंद्रांच्या हद्दी जेथे भेटतात तेथे तारेचा थोडा भाग मुद्दाम निर्जीव ठेवलेला असतो. त्याखालून जाताना क्षणभर वीज तुटते, आणि गारव्याचे यंत्र बंद पडले तर ते लगेच पुन्हा सुरू होत नाही. आतील वायूचा दाब समतोल होईपर्यंत काही मिनिटे थांबावेच लागते, नाहीतर यंत्राचे हृदय जो कॉम्प्रेसर, त्यास धक्का बसतो. घरातील यंत्र बंद करून लगेच चालू करणाऱ्या अधीर हातांनी हा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

ह्या विजेच्या उगमाकडे चालत गेले, तर वाट रत्नागिरी जिल्ह्यातच येऊन पोहोचते. चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली सोडून १९६२ पासून वीज निर्माण होत आली आहे. गुहागर तालुक्यातील दाभोळचा वायूवर चालणारा प्रकल्प २००१ साली मोठ्या वादानंतर बंद पडला, पुढे नव्या कंपनीच्या हाती पुन्हा सुरू झाला, आणि २०१५ च्या नोव्हेंबरापासून काही वर्षे त्याची वीज रेल्वेस मिळाली. ज्या जिल्ह्यात आगगाडी इतक्या उशिरा आली, त्याच जिल्ह्याने आगगाड्यांस शक्ती पुरवावी, हा इतिहासाचा एक सुखद न्याय होय.

आता ह्या परंपरेचे नवे पान उलटले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. निजावयाची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय असलेली मोटार घेऊन गणपतीपुळे, आरे-वारे किंवा गुहागरच्या किनाऱ्यास जाऊन राहावे, ही कल्पना शहरी कुटुंबांस मोह घालणारी आहे. ह्या फिरत्या घराच्या छपरावरील यंत्रास वीज कोठून मिळावयाची? मार्ग तेच, आगगाडीने ज्यांचा अनुभव घेतला ते. गाडीच्या इंजिनावरचा आल्टर्नेटर म्हणजे आसावरचा डायनॅमो. बॅटरी म्हणजे ते छप्पन घट. लहान जनित्र म्हणजे राजधानीचा डबा. आणि तळावर पोहोचल्यावर तेथील खांबावरून घेतलेली वायर म्हणजे डोक्यावरची तार.

हिशेबही तोच, फक्त लहान. छपरावरचे यंत्र बाराशे वॅट घेते असे धरू. ते दोनशे तीस व्होल्टांवर पाच-सव्वापाच अँपिअर ओढते. परंतु तीच शक्ती बारा व्होल्टांच्या बॅटरीतून काढावयाची तर शंभर अँपिअर लागतात. एखाद्या गंजलेल्या जोडाचा अडथळा एका ओहमचा केवळ शंभरावा भाग असला, तरी शंभर अँपिअरांवर तेथे एक व्होल्ट नाहीसा होतो आणि त्या चिमुकल्या जोडात शंभर वॅटची उष्णता, म्हणजे जुन्या काळच्या मोठ्या दिव्याएवढी, कोंडते. कोकणच्या खाऱ्या हवेत असे जोड लवकर होतात. ह्याचसाठी आगगाडीने चोवीस व्होल्ट सोडून एकशे दहा धरले होते. साठ्याचेही तसेच. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासांची एक बॅटरी म्हणजे सव्वा युनिटाहून थोडा कमी साठा, आणि शिशाच्या बॅटरीचा निम्माच साठा वापरावा हे बरे; म्हणजे यंत्र अर्धा तास चालले. रात्रीच्या आठ तासांत ते निम्माच वेळ चालू राहिले तरी सुमारे पाच युनिटे हवीत, त्यास अशा आठ बॅटऱ्या लागतील. हा हिशेब न करता निघालेल्या कुटुंबास मध्यरात्री वाटते की यंत्र बिघडले. यंत्र बिघडलेले नसते. बर्फाची पेटी रिकामी झालेली असते.

म्हणून अशा घरात गारवा थांबला, तर तपासणी उगमाकडून करावी. बाहेरून वीज येते काय, आणि भार घातल्यावर तिचा दाब टिकतो काय, हे प्रथम पाहावे. यंत्र बंद असताना बारा व्होल्ट दाखविणारी बॅटरी यंत्र सुरू होताच दहावर घसरली, तर दोष तेथेच सापडला. मग फ्यूज, आणि तो पुनःपुन्हा जात असेल तर मोठा फ्यूज घालणे हा उपाय नसून आगीस आमंत्रण आहे. मग जोड; हाताला गरम लागणारा जोड स्वतःच आपली कहाणी सांगतो, पण तो चाचपण्यापूर्वी सर्व वीज तोडावी. तळावरील खांबास भूमीची तार नीट आहे काय, हे ओल्या किनाऱ्यावर विशेषेकरून पाहावे. मग हवेची जाळी, मग निचऱ्याची नळी, मग दारेखिडक्यांच्या फटी, कारण दमट हवा आत येत राहिली तर यंत्राचा सर्व वेळ पाणी गाळण्यातच जातो. एवढे सर्व निर्दोष ठरल्यावरच वायूच्या कारागिरास बोलवावे.

आणि जनित्राच्या बाबतीत एक इशारा विसरता येत नाही. २०२४ च्या डिसेंबरात केरळातील वडकर गावी रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या एका कॅरॅव्हॅनमध्ये झोपलेले दोघे जण मृत आढळले. तज्ज्ञांच्या तपासणीत, चालू जनित्राचा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तळातील छिद्रावाटे आत शिरल्याचे निष्पन्न झाले. ह्या वायूस रंग नाही, वास नाही. गारवा चालू होता, वीज चालू होती, कोठेच काही बिघडल्याचे चिन्ह नव्हते. आणि तरीही शक्तीच्या वाटेतील त्या एका छिद्राने दोन जीव नेले. बंद खोलीत निजताना जनित्र वा इंजिन चालू ठेवू नये, आणि तो वायू ओळखून घंटा वाजविणारे लहानसे यंत्र उशाशी ठेवावे, ह्यास पर्याय नाही.

वाळ्याच्या पडद्यापासून पंचवीस हजार व्होल्टांच्या तारेपर्यंत गारव्याने मोठा प्रवास केला. ह्या प्रवासात साधने बदलली, मापे मात्र बर्फाचीच राहिली, आणि तपासणीचे सूत्रही फारसे बदलले नाही. फ्राँटियर मेलच्या डब्याखाली वाकून बर्फाची पेटी उघडणारा माणूस जे विचारीत होता, तेच रत्नागिरीच्या स्थानकात बॅटरीचे घट मोजणारा मिस्त्री विचारतो आणि तेच आता समुद्रकाठी गाडी उभी करणाऱ्या गृहस्थाने विचारावयाचे आहे: साठा किती उरला, आणि तो खोलीपर्यंत पोहोचविणारी वाट निर्दोष आहे काय? थंडी कळते ती कातडीस. पण ती जेथून येते ती जागा डोळ्यांआड असते. चालत्या खोलीत राहू इच्छिणाऱ्याने निजण्यापूर्वी एकदा त्या डोळ्यांआडच्या जागेकडे जाऊन यावे.